सोलापुरात मुक्काम, चार क्षेत्रांचं दर्शन: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

दिवाळी संपली की आमच्या सोलापूरच्या घरात पाहुण्यांची रीघ लागते. कुणी ठाण्याहून येतं, कुणी नाशिकहून, एकदा तर माझ्या जावेची अख्खी भिशी आली होती. प्रत्येकाजवळ बेत तयार असतो: सकाळी तुळजापूर, दुपारी अक्कलकोट, संध्याकाळी पंढरपूर आणि रात्रीची गाडी. नकाशावर हा बेत सुरेख बसतो. सोलापूरहून तुळजापूर साधारण 45 किलोमीटर, अक्कलकोट 40, पंढरपूर 75. चांगली गाडी असली तर एका दिवसात फेरा होतोसुद्धा. पण असा फेरा मारून आलेली माणसं रात्री जेवायला बसली की रांगेबद्दल बोलतात, पार्किंगबद्दल बोलतात, ट्रॅफिकबद्दल बोलतात. देवाचा विषय निघतच नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

म्हणून नव्या माणसाला मी आधी एकच सांगते. बेत किलोमीटरवर आखू नका, घड्याळावर आखा. इथल्या प्रत्येक क्षेत्राची आपली एक वेळ आहे. तुळजापूर पहाटेचं, अक्कलकोट दुपारच्या आरतीचं, गाणगापूर भर मध्यान्हीचं, पंढरपूर संध्याकाळच्या चंद्रभागेच्या वाळवंटाचं आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटेच्या काकड आरतीचं. ती वेळ सापडली की गर्दी असली तरी दर्शन होतं.

आधी पंचांग, मग तिकीट

तिकीट काढायच्या आधी घरातलं कॅलेंडर उतरवा आणि चार गोष्टी बघा.

पहिली, एकादशी. पंढरपुरात आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार मोठ्या यात्रा भरतात. त्या दिवसांत पददर्शनाची, म्हणजे विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवण्याची, रांग रात्रंदिवस चालते. इतर महिन्यांतल्या एकादशीलाही गर्दी असते. पहिल्यांदाच विठ्ठल बघायचा असेल तर आषाढी निवडू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आषाढीचं पंढरपूर अनुभवायचंच असेल तर वारीत चालत या, निदान वाखरीपासूनचा शेवटचा टप्पा तरी पायी चला. त्या दिवशी गाडीने येऊन, कळस बघून परत जाणाऱ्याच्या पदरात फारसं पडत नाही.

दुसरी, देवीची निद्रा. हे बाहेरच्या पाहुण्यांना बहुतेक माहीत नसतं. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात: शारदीय नवरात्राच्या आधीचे आठ दिवस, दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राच्या आधीचे आठ दिवस. या काळात दर्शन मिळतं, पण सिंहासनावरची देवी दिसत नाही आणि अभिषेक होत नाहीत. कुलदेवीचा अभिषेक घालायला म्हणून लांबून आलेलं एक नवीन जोडपं याच दिवसांत आमच्याकडे उतरलं होतं. त्यांचा उतरलेला चेहरा आठवला की अजून वाटतं, कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

तिसरी, वार. तुळजापुरात मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमेला गर्दी. अक्कलकोट आणि गाणगापूरला गुरुवारी आणि पौर्णिमेला. म्हणून माझा ठरलेला बेत असा: रविवारी सोलापुरात उतरा, सोमवारी तुळजापूर, मंगळवारी अक्कलकोट करून गाणगापूरला मुक्कामाला जा, बुधवारी दुपारनंतर परत फिरा, गुरुवारी पंढरपूरला जाऊन तिथेच राहा, शुक्रवारी सकाळी काकडा करून माघारी या. गाणगापूर करायचं नसेल तर एक दिवस वाचतो.

चौथी, ऊन. एप्रिल-मेमध्ये सोलापूर चाळिशीच्या बरंच वर जातं. मंदिराच्या आवारात अनवाणी चालायचं असतं आणि दुपारी फरशी तव्यासारखी होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. त्यातही डिसेंबर-जानेवारीत याल तर हुरडा मिळेल, आणि मकर संक्रांतीला याल तर आमच्या सिद्धेश्वराची गड्डा यात्रा बघायला मिळेल. तिच्याबद्दल पुढे सांगते.

सोलापुरात उतरल्यावर

सोलापूर मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावर आहे. मुंबईहून रात्री सुटणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी सोलापुरात पोचवते आणि ती माझी आवडती, कारण दिवस वाया जात नाही. पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस आहे, आता वंदे भारतही आहे. रस्त्याने येणाऱ्यांना पुणे-हैदराबाद महामार्ग सरळ शहरात आणतो.

राहायला एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन किंवा पार्क चौकाच्या आसपास खोली बघा. पहाटे तुळजापूरची गाडी धरायची तर स्टँडच्या जवळ असणं सोयीचं. तुळजापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर या तिन्ही ठिकाणी सोलापूर स्टँडवरून दिवसभर एसटी सुटतात. स्वतःची गाडी नसली तरी काहीच अडत नाही.

एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि 75 पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा, झेरॉक्सवर विसंबू नका. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे, त्यामुळे गाणगापूरच्या वाटेवर हद्दीपलीकडचं तिकीट पूर्ण पडेल. कर्नाटकाच्या बसमधला महिलांचा मोफत प्रवासही तिथल्या रहिवासी महिलांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. वाहकाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

शहरात रिक्षात बसलात की कानावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकदमच पडेल. बिचकू नका. गिरण्या आणि माग यांच्यामुळे इथे पिढ्यान् पिढ्या माणसं येत राहिली आणि इथलीच झाली. मराठीत विचारलंत तर कुणीही रस्ता सांगेल, आणि बरेचदा तो माणूस चार पावलं सोबतही येईल.

खाण्याचं एक सांगून ठेवते. प्रवासासाठी बिस्किटांचे पुडे घेऊ नका. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घ्या. ज्वारीची ही भाकरी पापडासारखी कुरकुरीत असते, कित्येक दिवस टिकते, आणि चटणीवर थोडं दही किंवा तेल घेतलं की जेवण होतं. रांगेत तीन तास उभं राहायचं असेल तर याच्यासारखा आधार नाही. धपाटे आणि शेंगापोळीही बरोबर न्यायला चांगल्या.

पहिला दिवस ग्रामदैवताचा

पाहुणे म्हणतात, सोलापुरात काय बघायचं, आम्हाला तुळजापूरला जायचंय. मी त्यांना हाताला धरून आधी सिद्धेश्वराला नेते. ज्या गावात उतरलो त्या गावाच्या दैवताला आधी नमस्कार करायचा, ही आपली जुनी रीत आहे.

सिद्धरामेश्वर हे 12व्या शतकातले शिवयोगी. सोलापूरचं तेव्हाचं नाव सोन्नलगी. त्यांनी लोकांना सोबत घेऊन तळं खोदलं आणि गावाभोवती 68 लिंगांची स्थापना केली. कन्नड वचनकारांत त्यांची गणना होते आणि त्यांच्या वचनांत ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ ही नाममुद्रा येते. आजही मंदिर त्या तळ्याच्या पाण्यात उभं आहे. आवारात त्यांची योगसमाधी आहे, तिथे थोडा वेळ शांत बसा. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास पाण्यावरून वारा येतो तेव्हा दिवसभराच्या उन्हाचा विसर पडतो.

गड्डा यात्रेची कथा ऐकून ठेवा. एका कुंभारकन्येला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं. ते योगी, संसार करणार नव्हते, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावून दिला. तो विवाह दर वर्षी होतो. बाराबंदी हा पांढरा पारंपरिक पोशाख घातलेले भक्त सात उंच नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यावर पेलून मिरवत नेतात. पहिल्या दिवशी 68 लिंगांना तैलाभिषेक, भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, संक्रांतीला होम, आणि मग शोभेचं दारूकाम. अक्षतेच्या दिवशी अख्खं शहर तळ्याकाठी लोटतं. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा गजर उठतो तेव्हा अंगावर काटा येतो. मी लहानपणापासून ऐकतेय, तरी येतोच.

तळ्याला लागूनच भुईकोट किल्ला आहे. संध्याकाळी वेळ असला तर तटावरून फेरी मारा आणि येताना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. 1930 साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि 12 जानेवारी 1931 रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. हुतात्मा एक्स्प्रेसचं नाव कुणावरून पडलं ते तिथे उभं राहिलं की समजतं.

रात्री लवकर झोपा. उद्या पहाटे निघायचंय.

तुळजापूर: उजाडायच्या आत पोचा

सोलापूरहून पहाटेची पहिली एसटी धरा. तासाभराने बालाघाटाच्या डोंगरावर तुळजापूर येतं. पहाटेच्या चरणतीर्थानंतर, म्हणजे देवीच्या दिवसातल्या पहिल्या पूजेनंतर, मंदिरात जी लगबग असते, ती या क्षेत्राची खरी वेळ. उजाडता उजाडता तुम्ही पायऱ्यांवर असायला हवं.

मंदिर डोंगरउतारावर, खाली आहे. म्हणजे जाताना पायऱ्या उतरायच्या आणि येताना चढायच्या. हे आधी लक्षात घ्या, कारण जाताना कुणालाच त्रास होत नाही. माझ्या सासूबाई गुडघेदुखीच्या. उतरताना त्या आमच्या पुढे होत्या. परतताना मात्र अर्ध्या पायऱ्यांवर बसून राहिल्या आणि वर यायला पाऊण तास लागला. तेव्हापासून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मी आधीच सांगते: परतीसाठी दम राखून ठेवा, काठी घ्या, आणि ऊन चढायच्या आत वर या.

क्रम असा ठेवा. महाद्वारातून उतरलात की कल्लोळ तीर्थावर हातपाय धुवा, मग गोमुख तीर्थाचं पाणी डोळ्यांना लावा. तिथून पुढे सिद्धिविनायकाला नमस्कार करून देवीच्या रांगेत लागा. मोफत धर्मदर्शन असतं आणि पैसे भरून घ्यायचं दर्शनही असतं. सोमवारी सकाळी धर्मदर्शन पुरेसं होतं, असा माझा अनुभव आहे. ओटीचं साहित्य घेताना खण, नारळ, तांदूळ, हळकुंड आणि सुपारी एवढंच पुरे. दुकानदार ताटात आणखी दहा वस्तू ठेवतील. नको असलेलं गोड शब्दांत परत द्या.

तुळजाभवानी ही महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ. कोल्हापूरची अंबाबाई आणि माहूरची रेणुका ही उरलेली दोन, आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धं. मूर्ती महिषासुरमर्दिनीची, अष्टभुजा, काळ्या गंडकी शिळेची. गाभाऱ्यात उभं राहायला मिळतात ते मोजके क्षण. त्या वेळी डोळे मिटू नका. मिटण्याची सवय असते आपल्याला, पण इतक्या लांबून बघायला आलोय तर बघा.

तुमची ही कुलदेवी असेल तर निघण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आपले पुजारी कोण. अनेक घराण्यांचे तुळजापुरात पिढीजात पुजारी आहेत. त्यांच्याकडे उतरता येतं, कुळाचार करून मिळतो, पुरणावरणाचं जेवण मिळतं. ओळख नसलेल्या माणसाने रस्त्यात गाठून ‘झटपट दर्शन करून देतो’ म्हटलं तर मात्र पुढे चला. एका क्षेत्री आम्ही अशा माणसाला पैसे दिले होते. त्याने आम्हाला मागच्या बोळात उभं केलं आणि तो परत आलाच नाही. पावती मिळेल तिथेच पैसे द्या.

कोजागरीच्या सुमारास येत असाल तर आणखी एक सांगते. त्या रात्री सोलापूरहून तुळजापूरला माणसं चालत जातात. लाखांनी जातात. रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते, जागोजागी चहा, केळी, फराळ वाटणारे उभे असतात, आणि संबळाच्या तालावर देवीचे आराधी गात असतात. आपल्या गाडीने त्या रात्री जायचा विचार सोडा. पायात बळ असेल तर चाला.

येताना सवड असेल तर नळदुर्गवरून वळसा घेऊन यायला हरकत नाही. बोरी नदी अडवून किल्ल्यात बांधलेला पाणीमहाल पावसाळ्यात भरून वाहतो तेव्हा बघण्यासारखा असतो. पण थकला असाल तर सरळ सोलापूर गाठा.

अक्कलकोट, आणि तिथून गाणगापूर

अक्कलकोटला एसटीनेच जा. रेल्वेचं अक्कलकोट रोड हे स्टेशन गावापासून दहा-अकरा किलोमीटर लांब आहे आणि नवखा माणूस तिथे उतरून अडकतो.

सकाळी नऊच्या आसपास पोचलात तरी चालेल. स्वामी समर्थ 1850च्या दशकात इथे आले आणि 1878 साली समाधिस्थ होईपर्यंत, साधारण 22 वर्षं, इथेच राहिले. ते ज्या वडाखाली बसत तिथे वटवृक्ष मंदिर आहे. बहुतेक लोक तेवढंच बघून परततात. स्वामींची समाधी तिथे नाही. ती बुधवार पेठेत, स्वामींचे भक्त चोळप्पा यांच्या घराशी आहे, चालत जाण्याच्या अंतरावर. तिथली गल्ली अरुंद, घरं जुनी, आणि गर्दी त्यामानाने कमी. वटवृक्षाखाली स्वामींचा दरबार वाटतो. समाधी मठात त्यांचं घर वाटतं. माझं मन तिथे जास्त रमतं.

म्हणून आधी समाधी मठात जा, मग वटवृक्षाला या आणि दुपारची नैवेद्य आरती गाठा. त्यानंतर अन्नछत्रात पंगतीला बसा. हजारो माणसं रोज जेवतात आणि कुणाला जातपात, नाव, गाव विचारत नाहीत. ताटात टाकू नका. जमेल तेवढी देणगी द्या, नसेल जमत तर नुसतं जेवा.

पुढे गाणगापूर. अक्कलकोटहून साधारण 70 किलोमीटर, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात. रेल्वेने जायचं म्हटलं तर गाणगापूर रोड स्टेशन आहे, पण तेही क्षेत्रापासून वीसेक किलोमीटरवर. सोबत म्हातारं माणूस असेल तर अक्कलकोटहून गाडी ठरवा, भाडं आधी बोलून घ्या, आणि थांबण्याचे तास किती तेही.

इथे रात्री मुक्काम करण्याचं कारण दुसऱ्या दिवसाची दुपार आहे. सकाळी आधी संगमावर जा. भीमा आणि अमरजा यांचा संगम मठापासून तीन किलोमीटरवर आहे. स्नान करा, औदुंबराला प्रदक्षिणा घाला, मग मठात येऊन नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुकांचं दर्शन घ्या. ते लहानशा झरोक्यातून होतं, त्यामुळे पुढच्याचं होईपर्यंत सबुरी ठेवा.

मग मध्यान्ह. या वेळी गाणगापुरात माधुकरी मागतात. दत्तप्रभू कुठल्याही रूपाने इथे भिक्षेला येतात, ही श्रद्धा. निदान पाच घरी मागावी आणि आपणही कुणाला वाढावी. माझे सासरे आयुष्यभर नोकरी केलेले मानी गृहस्थ. झोळी घेऊन पहिल्या दारात उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. आतून एक बाई आल्या, भाकरीचा चतकोर घातला आणि ‘जय गुरुदेव’ म्हणाल्या. पुढच्या दारी मात्र ते न अडखळता बोलले. परतीच्या वाटेवर गाडीत गप्प होते. पुढे कित्येक वर्षं गाणगापूरचा विषय निघाला की ते त्या चतकोराचीच गोष्ट सांगायचे.

दर्शन उरकून सकाळीच परत फिरलात तर हे सगळं हुकतं.

पंढरपूर: संध्याकाळी पोचा, पहाटे थांबा

सोलापूरहून एसटीने दोन तास धरा. रेल्वेच्या थेट गाड्या मोजक्याच आहेत, एरवी कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागते. दुपारी निघून चारच्या सुमाराला पोचा, खोलीवर सामान टाका आणि मोबाईलही शक्यतो तिथेच ठेवा, कारण मंदिरात तो नेऊ देत नाहीत. मंदिर समितीच्या भक्त निवासात जागा मिळाली तर उत्तम. मठ आणि धर्मशाळाही भरपूर आहेत.

पहिल्यांदा मंदिराकडे धावू नका. आधी चंद्रभागा. भीमा इथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिचं हे नाव. वाळवंटात उतरा, पाण्याला हात लावा, पुंडलिकाचं दर्शन घ्या. आईवडिलांची सेवा सोडून देवाकडेही न धावलेला तो पुंडलिक, आणि त्याने भिरकावलेल्या विटेवर उभा राहिलेला देव. म्हणून मान त्याचा पहिला. नदीत उतरताना जपा. वरच्या उजनी धरणातून पाणी सोडलं की पातळी वाढते, आणि तळाशी वाळूचे खड्डे असतात. पोहता येतं म्हणून आत जाऊ नका. काठावर गुडघाभर पाण्यात स्नान होतं.

तिथून महाद्वार घाटाने वर या. दारात नामदेव पायरी. नामदेवांची इच्छा होती की देवाकडे जाणाऱ्या भक्तांचे पाय आपल्यावर पडावेत. पण आज कुणी त्या पायरीवर पाय ठेवत नाही, वाकून हात लावतात. समोरच चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले, आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या नामदेवांनी इथे आणल्या, अशी परंपरा सांगते. ज्यांना आत जाऊ दिलं नाही त्यांची समाधी दाराबाहेर. हे दार सगळ्यांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींनी मे 1947 मध्ये पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केलं. रांगेत पुढे सरकताना माझ्या मनात हे असतंच. मुलं बरोबर असतील तर त्यांनाही सांगा.

आता रांगेबद्दल. दोन प्रकार आहेत. मुखदर्शन म्हणजे लांबून दर्शन, ते लवकर होतं. पददर्शन म्हणजे विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवणं, आणि त्यासाठी रांग लांब. पहिल्यांदा आला असाल तर पददर्शनच घ्या. बहुतेक मोठ्या देवस्थानांत देवाला असा स्पर्श करता येत नाही. इथे कुणीही यावं आणि पायांवर डोकं ठेवावं. सेकंदभरच मिळतो, सेवेकरी लगेच पुढे करतात, तेव्हा मागणं आधीच ठरवून ठेवा. (माझं तर तिथे गेल्यावर काही आठवतच नाही.) पोशाखाच्या वेळी दर्शन थोडा वेळ थांबतं, तेव्हा रांग अडली म्हणून घाबरू नका. दर्शनाची वेळ आधी राखून ठेवता येते का, ते समितीच्या संकेतस्थळावर निघण्यापूर्वी बघा. पाणी आणि कडक भाकरी जवळ असू द्या, आणि साखरेचा त्रास असणाऱ्यांनी गोड काही तरी.

विठ्ठलानंतर रुक्मिणीमाता. तिचं मंदिर त्याच आवारात, पण वेगळं आहे. घाईत विसरू नका. आवारातच संत कान्होपात्रेचं झाड आहे, तिथेही थांबा.

दर्शन झालं की पुन्हा वाळवंटात जा. संध्याकाळी तिथे कुठे भजन, कुठे कीर्तन चाललेलं असतं. बसायला कुणी मज्जाव करत नाही. मागे पखवाज वाजत असतो, समोर पाण्यात दिवे हलत असतात. पंढरपूर मला खरं भेटतं ते या वेळी.

पहाटे काकड्याला उठा. गाव झोपेत असतं, टाळ वाजत असतात. नंतर चहा घेऊन नगरप्रदक्षिणा करा, किंवा गोपाळपूरला जाऊन या. मार्गशीर्षात आला असाल तर विष्णुपद चुकवू नका. त्या महिन्यात देव तिथे मुक्कामाला असतो असं मानतात, आणि माणसं होडीने जातात. कुंकू, बुक्का, तुळशीची माळ आणि चुरमुरे-बत्तासे घेऊन दुपारपर्यंत सोलापूर गाठता येतं.

आणखी एक दिवस असेल तर

मंगळवेढा पंढरपूरहून जवळ आहे. दुष्काळात सरकारी कोठारातलं धान्य लोकांना वाटणारे दामाजीपंत इथले, कान्होपात्राही इथलीच. याच भागात भीमेकाठी माचणूरचं सिद्धेश्वर मंदिर आहे. औरंगजेबाची छावणी इथे कित्येक वर्षं होती. घाट सुंदर आहे, दुपारी शांतता असते.

बार्शीला भगवंताचं मंदिर आहे. पंढरपूरची एकादशी केली की द्वादशीला बार्शी, अशी जुन्या लोकांची रीत.

आणि माझी आवडती जागा, हत्तरसंग कुडल. सोलापूरहून चाळीसेक किलोमीटर, भीमा आणि सीना यांच्या संगमावर. बस कमी आहेत, रिक्षा किंवा गाडी ठरवूनच जा. जुनी संगमेश्वर आणि हरिहरेश्वर मंदिरं आहेत, आणि अंगभर शेकडो मुखं कोरलेलं एक शिवलिंग आहे, तसं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. संगमेश्वराच्या मंदिरात तुळईवर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा, मराठी शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी तो एक. त्यातली ओळ अशी: ‘वाछि तो विजेया होईवा’. जो वाचील तो विजयी होईल. तिथे दिवा-पंख्याची अपेक्षा ठेवू नका. बॅटरी न्या, मान वर करून अक्षर अक्षर लावा, आणि मुलांना मोठ्याने वाचायला सांगा.

परतीच्या दिवशी

मुंबईला जाणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री सुटते, तेव्हा शेवटची संध्याकाळ खरेदीला मिळते. चादर घ्याल तर दुकानात उलगडून बघा. खऱ्या सोलापुरी चादरीची नक्षी विणलेली असते, छापलेली नसते, आणि ती दोन्ही बाजूंनी अंथरता येते. तिला भौगोलिक मानांकन आहे, पण तिच्या नावावर बाहेरचा मालही खपतो. सुती आहे ना, असं विचारून घ्या. चटणी घरी नेऊन काचेच्या बरणीत भरा. आणि स्टेशनला जाताना रिक्षा तळ्याच्या बाजूने घ्यायला सांगा, सिद्धेश्वराचा कळस तिथून दिसतो.